कोपऱ्यातली खाच

बायको गेल्यावर शिंप्याने बरेच दिवस दुकान उघडलं नाही. उघडलं तेव्हा शिवायला आलेली कापडं गठ्ठ्यातच राहिली, आणि हा गृहस्थ ट्रायलच्या आरशासमोर तीन पायांवर एक लाकडी पेटी उभी करून, डोक्यावरून काळं कापड ओढून आत बघत उभा राहायला लागला. गिऱ्हाईक दारात येऊन खाकरायचं. कापडाच्या आतून आवाज यायचा, "उद्या."

"कालही उद्याच म्हणाला होतात."

"मग आज कशाला आलात?"

पेटी म्हणजे कॅमेरा. बायकोचा. पुढे भिंग, मागे दुधी काच आणि दोघांच्या मध्ये घड्या घातलेला कापडी भाता. काचेवर समोरचं सगळं उलटं दिसायचं. खुर्चीचे पाय वर, पंखा खाली. फोटो नेमका यायचा असेल तर डोक्यावर काळं कापड घेऊन त्या उलट्या चित्रावर भाता पुढेमागे करायचा आणि कडा स्वच्छ दिसल्या की थांबायचं. बायको हे सहज करायची. शिंप्याला मात्र सुरुवातीला मान वाकडी करून बघावंसं वाटायचं.

बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. नोकरीभर लोकांची हाडं बघितली. "इतकी माणसं माझ्यासमोर उभी राहिली, पण एकाचंही तोंड मी फिल्मवर बघितलं नाही," असं म्हणायची. ती निवृत्त झाली त्या सुमारास हॉस्पिटलात सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि जुन्या एक्स-रे फिल्मची खोकी अडगळीत पडली. तिने ती साहेबांना विचारून घरी आणली आणि मागोमाग हा जुना कॅमेरा पैदा केला. अशा कॅमेऱ्यात रीळ नसतं. एक फोटो, एक फिल्म, तळहाताएवढी. ती अंधारात एका चपट्या कॅसेटमध्ये सरकवायची. कॅसेटला दोन बाजू, दोन्हीकडे एकेक फिल्म आणि वरून उजेड अडवणारी एकेक पाती. फोटो घेताना पाती उपसायची, घेतला की परत घालायची.

शिंप्याकडे हाताखालचं काम आलं. हॉस्पिटलच्या फिल्म मोठ्या, छातीएवढ्या. त्या कापून कॅमेऱ्याच्या मापाच्या करायच्या. बाथरूमची खिडकी कोटाच्या अस्तराने बंद करायची, लाल दिवा लावायचा आणि त्या उजेडात कात्री चालवायची. एक्स-रेच्या फिल्मला लाल दिवा बाधत नाही, हे बायकोनेच सांगितलेलं. डोक्यावर घ्यायचं कापडही त्यानेच शिवलं, आतून काळं, बाहेरून पांढरं. कापडाचे धागे मोजायचं त्याचं छोटं भिंग तर तिने विचारल्याशिवायच उचललं होतं. ते दुधी काचेवर टेकवून ती केस न्‌ केस बघायची.

"तुमच्या धंद्यातलं सगळं सामान माझ्या कामाचं आहे," ती म्हणायची. "तुम्ही तेवढे नाही."

तिने त्याचा पहिला फोटो काढला तो भलताच आला. ओठ काळे, नाक काळं, गालावर डाग. शिंपी म्हणाला, "हा कोण दरोडेखोर?" ती हसली, पण तिला ते लागलं. "तुम्ही यात आजारी दिसता," म्हणाली. "नाही. तुमचा चांगला काढणार आहे मी."

आणि तिने काढला. ती दुपार त्याला अजून ताटातल्या घासासारखी समोर दिसायची. जेवणं झाली होती. खिडकीशी खुर्ची ठेवली होती. आधी तो बसला, तिने काढला. मग कॅसेट उलटी केली आणि म्हणाली, "आता मी बसते, तुम्ही दाबा."

"मला काय येतंय त्यातलं?"

"टेप येते ना धरता?"

अंतर बदलून कडा पुसट व्हायला नकोत म्हणून त्याने गळ्यातली टेप काढून भिंगापासून तिच्या नाकापर्यंत माप घेतलं, पहिल्या वेळी त्याच्या नाकापर्यंत होतं तेवढंच. टेपचं पितळी टोक नाकाला लागलं तशी ती खुदकन हसली. "गिऱ्हाइकांनाही असंच करता का?" मग ती गंभीर झाली आणि त्याने भिंगाला जोडलेल्या तारेचं बटण दाबलं. शटर टिकटिकलं. शिंप्याने आयुष्यात काढलेला तो पहिला फोटो.

तिने कॅसेटवर हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. "याला हात लावू नका. मी निवांत धुणार."

निवांतपणा मिळालाच नाही. पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि जी बाई दुसऱ्यांच्या फिल्म उजेडात धरून बघायची तिची फिल्म दुसऱ्या कोणी उजेडात धरली. त्यानंतर सगळं भराभर झालं. कॅसेट कपाटात शालींच्या मागे राहिली.

आता शिंप्याला एवढंच करायचं होतं. ती कॅसेट धुवायची. पण आधी हात बसायला हवा होता. आपल्या हाताने ती खराब झाली तर दुसरी मिळणार नव्हती. म्हणून तो शिकत होता.

मुलीला हे पटत नव्हतं. ती जवळच राहायची, शाळेत शिकवायची, सुटीच्या दिवशी डबा घेऊन यायची. आईचा नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो तिने मोठा करून आणला होता. त्यात आई अशी दिसत होती की जणू कोणी तिच्यावर चोरीचा आळ घेतलाय. शिंप्याने तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

"बाबा, खिळा कधीचा मारलाय. भेटायला येणारे विचारतात."

"हा नाही लावायचा. चांगला आहे माझ्याकडे. मी काढलेला."

"तुम्ही काढलेला!" मुलगी म्हणाली. मग तिला वाटलं असावं की फारच झोंबेल, म्हणून हळू आवाजात म्हणाली, "स्टुडिओत देऊ या ना धुवायला. जमतं त्यांना."

"ती म्हणाली होती, मी धुणार. ती नाही तर मी. तिसरा कोणी नाही."

त्याने सराव दुकानातल्या पुतळ्यावर केला. शर्ट चढवायचा कापडी धड, लोखंडी दांड्यावर उभा. पहिली फिल्म काळीकुट्ट निघाली, कारण भिंगाचं शटर उघडं ठेवूनच त्याने पाती उपसली होती. दुसरी कोरी निघाली, कारण पाती उपसायलाच विसरला. एकदा पुतळ्याच्या पोटात खिडकी आली, एकाच फिल्मवर दोन फोटो. नखांचे ओरखडे तर विचारूच नका. एक्स-रेच्या फिल्मला दोन्ही अंगांनी लेप असतो, धुवायच्या औषधाच्या ताटात जरा घासली की गेली. मग त्याने ताटाच्या तळाशी काच ठेवली, नखं कापली. हळूहळू जमायला लागलं. लाल उजेडात, पाण्यासारख्या दिसणाऱ्या त्या औषधात पुतळ्याचे खांदे वर यायचे, मग शर्टाची बटणं. शिंपी श्वास धरून उभा राहायचा.

"बाबा, याला डोकं नाही," मुलगी फोटो बघून म्हणाली.

"म्हणून तर हलत नाही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. त्या हसण्याने शिंप्याला धीर आला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने चिकटपट्टी सोडवली.

सकाळची वेळ होती. खिडकीवर अस्तर ठोकलेलं, ताटं ओळीने मांडलेली, दार आतून लावलेलं. लाल दिवा लावला. कॅसेटची कुठली बाजू तिची आणि कुठली त्याची हे त्याला माहीत नव्हतं. हाताला आली ती बाजू घेतली, पाती उपसली आणि फिल्म बाहेर ओढली.

ओढताना बोटाला कोपऱ्यात काहीतरी लागलं. कडेला बारीक खाचा होत्या. शेजारी शेजारी, स्वच्छ मारलेल्या.

शिंप्याचा हात थांबला. अशा खाचा तो रोज मारायचा. बाही कुठली, मागचा भाग कुठला, शिवताना काय कशाला जुळवायचं हे कळावं म्हणून कापडाच्या कडेला कात्रीने मारायची ती खूण. बायको दुकानात बसून हे बघायची. "चुकून उलटी बाही लावाल म्हणून का?" असं चिडवायची. आता तिने स्वतःच मारून ठेवल्या होत्या. कुठली फिल्म कुणाची ते कळावं म्हणून. त्याच्या कात्रीने, त्याच्यासारख्या.

"शिकलीस की गं," शिंपी म्हणाला. नीट बघता याव्यात म्हणून त्याने ती फिल्म लाल दिव्याजवळ नेली, चष्मा वर सारला आणि खाचांवरून अंगठा फिरवत बराच वेळ उभा राहिला. मग फिल्म औषधात सोडली.

खांदे वर आले नाहीत. बटणं आली नाहीत. फिल्म सगळीकडून एकदम करडी झाली, मग गडद, मग काळी. त्याने घाईने काढली, चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये घातली, ताट हलवत राहिला, हलवत राहिला. शेवटी खिडकीवरचं अस्तर फाडून ती उन्हाला धरली. तव्याच्या बुडासारखी काळी. एका ठिकाणी काळं जरा कमी होतं. तो खांदा असेल, नाही तर खुर्चीची पाठ. त्याहून जास्त काही कळत नव्हतं.

बायकोच्या खात्यातला जुना माणूस दुपारी आला. शिंप्यानेच फोन केला होता. हा माणूस हॉस्पिटलच्या डार्करूममध्ये फिल्म धुवायचा, तीस वर्षं अंधारात काढलेली, म्हणून सगळे त्याला घुबड म्हणायचे. त्याला राग नव्हता. फोनवरसुद्धा "घुबड बोलतोय" म्हणायचा.

त्याने फिल्म हातात घेतली. उन्हाला धरलीच नाही. आधी कोपऱ्यावर बोट नेलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"टेलर, लाल दिवा लावला होता?"

"लावतो तसा लावला."

घुबड खाली बसला. "या खाचा बाईंनी नाही मारल्या. कंपनीच मारते. अंधारात हाताला कळावं म्हणून, की ही कुठली फिल्म आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला. ही एक्स-रेची नाही. ही फोटोची, खरी. एक्स-रेची फिल्म लाल रंगाला आंधळी असते. म्हणून तर तिच्यावर ओठ काळे येतात, आणि म्हणूनच तिला लाल दिवा चालतो. हिला लाल दिसतं. हिला मिट्ट काळोख लागतो."

"तिने सांगितलं नाही मला."

"मी दिल्या होत्या दोन. एका फोटोवाल्याकडून मिळवल्या. बाई म्हणाल्या, घरी बोलू नका. त्यांचा चांगला फोटो येऊ दे, मग सांगेन."

शिंप्याला आता आठवलं. त्या दिवशी कॅसेट भरायला ती एकटीच बाथरूममध्ये गेली होती आणि दाराखाली लाल रेघ दिसत नव्हती. त्याने बाहेरून विचारलं होतं, "दिवा गेला का?" ती आतून म्हणाली होती, "तुम्ही तुमच्या काजांकडे बघा." त्याने काजांकडे बघितलं होतं.

"दुसरी बाजू आहे अजून," घुबड म्हणाला. "ती घट्ट काळोखात धुवा. दिवा नाही, काही नाही. किती वेळ ते मी सांगतो, बाहेरून कोणीतरी घड्याळ बघून ओरडायचं." दारात तो थांबला. "टेलर, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं."

"तुम्ही नसतं केलं," शिंपी म्हणाला.

"नसतं केलं," घुबडाने कबूल केलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

शाळा सुटल्यावर मुलगी आली. तिला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती काळी फिल्म हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

"ही आईची होती?"

"माहीत नाही. दोन होत्या. एक तिची, एक माझी."

"म्हणजे ही तुमची असू शकते."

"असू शकते."

शिंप्याच्या मनात एकच धोशा होता. जळालेला मी असू दे. आयुष्यात त्याने स्वतःबद्दल असं काही इतक्या मनापासून मागितलं नव्हतं.

"मी बसते दाराबाहेर," मुलगी म्हणाली. "घड्याळ बघायला."

या वेळी त्याने खिडकीवर अस्तर पुन्हा ठोकलं आणि दाराच्या फटीतही चिंध्या कोंबल्या. दिवा पिळून काढूनच टाकला, हात चुकून बटणाकडे जायला नको. काळोखात पाती उपसली, फिल्म ओढली. कोपऱ्यात त्याच खाचा होत्या, तितक्याच, तशाच. दोन्ही फिल्मवर सारख्याच खाचा म्हणजे खूण कसली? सकाळी त्याने दुसरी बाजू नुसती चाचपून बघितली असती तरी कळलं असतं. तो विचार त्याने बाजूला सारला आणि फिल्म औषधात बुडवली. हात ताटाची कड धरून हलवत होते. हे मात्र त्याला सोपं गेलं. वीज गेल्यावर त्याने किती कपड्यांना टाके घातले होते.

"बाबा?"

"काय?"

"काही नाही. अजून वेळ आहे."

जरा वेळाने ती म्हणाली, "आई आत असली की मी अशीच बसायचे लहानपणी, हॉस्पिटलात. दाराबाहेर. ती म्हणायची, दार उघडलंस तर एका माणसाचं हाड परत मोडावं लागेल."

शिंपी अंधारात हसला, आणि हसतानाच त्याचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते.

"झालं, बाबा! काढा!"

त्याने काढली, पाण्यातून घेतली, फिक्सरमध्ये ठेवली, मुलीने दुसऱ्यांदा आवाज देईपर्यंत थांबला. मग चाचपडत दिवा पिळून लावला.

फिल्मवर चेहरा होता. फिल्म असते तशी, पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं. पण चेहरा बघायची गरजच पडली नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी खाली आलेली एक काळी पट्टी होती, आणि पट्टीवर आकडे होते.

टेप. तिच्या वेळी टेप त्याच्या हातात होती. ही त्याच्या गळ्यात होती.

"बाबा, आई आहे का?"

शिंप्याने दार उघडलं. मुलीने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. ती भिंतीला टेकून रडायला लागली आणि तो ओल्या हातांनी तसाच उभा राहिला, कारण औषधाचे हात तिच्या कपड्यांना लागले तर डाग पडले असते. मग डाग पडला तर पडो म्हणून त्याने तिला जवळ घेतलं.

फिल्म वाळल्यावर त्याने ती फोटोच्या कागदावर ठेवली, वर काच दाबली, दिवा क्षणभर लावून बंद केला आणि कागद धुतला. बायकोने म्हटलं होतं तसाच फोटो आला होता. चांगला. ओठ ओठांसारखे, गाल गालांसारखे. शर्टाचे धागे मोजावेत इतका स्वच्छ. शिंप्याने धागे मोजायचं भिंग घेतलं आणि फोटोतल्या डोळ्यांवर टेकवलं. तो तिला शोधत होता. फोटो घेताना ती कॅमेऱ्याच्या शेजारीच उभी होती, हातात तार धरून. म्हणजे ती त्याच्या चष्म्याच्या काचेत यायला हवी होती. लहानशी का होईना, पण उभी.

चष्मा नव्हता. नाकावर त्याचे वळ तेवढे होते.

"चष्मा काढा," ती म्हणाली होती. "काचेत मी दिसेन, कॅमेरा दिसेल. फोटो तुमचा काढायचाय, माझा नाही."

"चष्म्याशिवाय मला तू दिसत नाहीस."

"आयुष्यभर बघितलंत की. काढा."

आणि त्याने ऐकलं होतं. एरवी तिचं एक ऐकायचा नाही. पंखा बंद कर म्हटलं तर वाढवायचा. त्याच वेळी मेलं शहाणपण सुचलं. उघड्या बुबुळांत त्याला खिडकीचा पांढरा ठिपका दिसला. बाकी काही नाही.

मुलीने फोटो बराच वेळ बघितला. "तुम्ही आईकडे बघताय."

"मला दिसत नव्हतं काही. नुसती धुरकट साडी आणि आवाज."

"तरी तिच्याकडेच बघताय," मुलगी म्हणाली. "हा मला हवाय. माझ्या घरी लावणार."

"जिवंत माणसाचा फोटो लावतात का भिंतीला?"

"मग तुम्ही येऊन बघत जा. जिवंत आहात ते कळेल."

ओळखपत्रावरचा फोटो त्याच संध्याकाळी त्या खिळ्यावर चढला. शिंप्यानेच चढवला. काळी फिल्म त्याने फेकली नाही. शालींच्या मागे, तिच्या जागी परत ठेवली.

पुढच्या सुटीला मुलगी आली तेव्हा खुर्ची खिडकीशी होती आणि कॅमेरा तीन पायांवर उभा होता. "बस," शिंपी म्हणाला.

"मी? पुतळ्याला कंटाळलात?"

"पुतळ्याला नाक नाही. माप कुठे घेऊ?"

ती बसली. त्याने गळ्यातली टेप काढली आणि भिंगापासून माप घेतलं. पितळी टोक नाकाला लागलं तशी ती खुदकन हसली. शिंपी पटकन मागे वळला आणि काळ्या कापडात शिरला. दुधी काचेवर मुलगी उलटी बसली होती. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत खिडकी होती, आणि खिडकीच्या कडेला तीन पायांवर काहीतरी उभं होतं, त्यावर पांढरं कापड, कापडाखाली दोन पाय.

"एक्स-रेची फिल्म आहे," तो आतून म्हणाला. "ओठ काळे येतील."

"येऊ देत." काचेवर मुलीचा हात चष्म्याकडे गेला. "थांबा, हा काढते. चमकेल."

"राहू दे," शिंपी म्हणाला. आवाज नीट फुटला नाही म्हणून तो कापडातून बाहेर आला आणि पुन्हा म्हणाला, "चष्मा राहू दे."

त्याने शटर बंद आहे ना ते बघितलं, कॅसेट सरकवली, पाती उपसली आणि तार हातात घेऊन कॅमेऱ्याच्या शेजारी, तिला दिसेल असा उभा राहिला.